कोंबडीच्या पिलाचे पिवळे यकृत, आणि त्यात कोलेस्टेरॉल कसे घडते

तीन वर्षांमागे आषाढ महिन्यात आम्ही एका दिवसाची शंभर पिले विकत आणविली. महसूल खात्यातील कारकुनी संपवून आम्ही नुकतेच मोकळे झालो होतो. डोंबिवलीहून मलंगगडाच्या रोखाने जाताना आमची थोडी भातशेती लागते. तिच्या बांधालगत एक पडवी रिकामी होती, तिचे खुराडे करावे व निवृत्तिवेतनास थोडा हातभार लावावा, असा आमचा बेत होता. पिले निघावयाची त्या दिवशी पावसाने रस्ते अडविले, व पेट्या आमच्या दारी पोहोचल्या त्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीस. पेट्या आणणाऱ्या गृहस्थाने जाता जाता बजावले की, पिलांच्या पोटात तीन दिवसांची शिदोरी असते, तोवर दाणा दाखवू नका. दाखविलात तर आतली शिदोरी सडेल. आम्ही त्याचे म्हणणे प्रमाण मानले. पुढचा सबंध दिवस पिलांस नुसते पाणी दिले. त्या रात्री वीज गेली ती पहाटे आली, आणि खाली अंथरलेले भाताचे तूस पावसाच्या झडीने ओले झाले. चौथ्या दिवसापासून पिले मरू लागली. आठव्या दिवशी आम्ही वही उघडून मोजदाद केली, तेव्हा शंभरातून अडतीस वजा झाली होती.

मेलेल्यांपैकी तीन पिले फडक्यात गुंडाळून आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. तेथील डॉक्टरबाईंनी पहिले पिलू उघडताच आत हळकुंडासारखे पिवळे यकृत दिसले. यकृत म्हणजे खाटीक ज्यास कलेजी म्हणतो ते. आम्ही लगेच म्हणालो, "बाई, ही तर कावीळ!" त्या हसून म्हणाल्या, "काका, ह्या वयात यकृत पिवळेच असावयाचे. उलट लाल असते तर मी विचारात पडले असते." मग त्यांनी पिलाच्या ओटीपोटातील एक हिरवट, लिबलिबीत पिशवी चिमट्याने वर उचलली. तिला दुर्गंधी येत होती. "दोष येथे आहे," त्या म्हणाल्या. "हा बलक आतापर्यंत जिरून जावयास हवा होता. पिले गारठली, उपाशी राहिली, आणि तो तसाच राहून नासला."

पिवळे यकृत निरोगी व न जिरलेला बलक घातक, ही गोष्ट आमच्या मनातून जाईना. आमचे शिक्षण मराठी शाळेतले. रसायनशास्त्राशी आमचा संबंध खताच्या पोत्यावरील अक्षरांपलीकडे आलेला नव्हता. तथापि पुढील दोन वर्षांत डॉक्टरबाईंस वारंवार त्रास देऊन व मिळतील ती पुस्तके चाळून आम्ही ह्या पिवळ्या यकृताचा हिशेब समजून घेतला. त्या हिशेबाचे मुख्य खाते कोलेस्टेरॉल ह्या द्रव्याचे आहे. कोलेस्टेरॉलच्याच नावाने हल्ली आपल्या कित्येक सभासदांस एक महागडे खाद्य विकण्याचा प्रयत्न चालू आहे, म्हणून तो हिशेब ह्या मासिकाच्या वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोलेस्टेरॉल हे नाव आता खेड्यापाड्यांतही परके राहिलेले नाही. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाच्या रक्ताच्या कागदावर ते असते, व त्याचा आकडा पाहून घरची मंडळी ताटातले अंडे उचलून नेतात. परंतु हे द्रव्य म्हणजे विष नव्हे. ते मेणासारखे, पाण्यात न विरघळणारे असे एक स्निग्ध द्रव्य आहे, आणि प्राण्याच्या शरीरातील एकूण एक पेशीच्या भिंतीत ते बसविलेले असते. पित्तातील, चरबी पचविणारे क्षार त्यापासून होतात. नराचे नरपण व मादीचे मादीपण ज्या स्रावांवर अवलंबून असते, ते स्राव त्यापासूनच होतात. मेंदूत व मज्जातंतूंच्या वेष्टनात तर त्याचा मोठाच साठा असतो. कोंबडीचे पिलू अंड्यातून निघाल्यावर काही तासांत उभे राहते, चालते, आईच्या हाकेस ओ देते; माणसाच्या मुलास ज्यास वर्ष लागते ते पिलू एका दिवसात करते. एवढा तयार मेंदू घेऊन जन्मावयाचे, तर हे द्रव्य आधीच जवळ असावयास हवे हे उघड आहे.

आता ते येते कोठून? भात, मका, ज्वारी, सोयाबीन ह्यांत कोलेस्टेरॉल नाही म्हटले तरी चालेल. वनस्पतींत त्याच्या जातीची दुसरी द्रव्ये असतात, पण ती कोंबडीच्या आतड्यातून फारशी आत शिरत नाहीत. किड्यांची गोष्ट वेगळी आहे. रेशमाच्या किड्यास किंवा कोणत्याही कीटकास कोलेस्टेरॉल मुळापासून घडविता येत नाही. पाल्यातील त्या दुसऱ्या द्रव्यांवर तो आपले काम भागवितो. कोंबडीस, गाईस व माणसास मात्र ते स्वतः घडविता येते, आणि निव्वळ दाण्यावर वाढलेली कोंबडी आपल्या प्रत्येक अंड्यात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल घालते. वर्षास ३०० अंडी देणारी कोंबडी घेतली तर ते ६० ग्रॅम, म्हणजे जुन्या वजनाने पाच तोळे भरते. ज्या दाण्यात ते नव्हते त्या दाण्यापासून पाच तोळे माल निघाला, तेव्हा कारखाना कोंबडीच्याच अंगात आहे ह्याविषयी शंका उरत नाही. कोकणात आपण कोंबड्यांस सुक्या मासळीचा चुरा घालतो, त्यातून थोडेसे आयते मिळते खरे. पण तो भाग गौण आहे.

हे सर्व कोलेस्टेरॉल पिवळ्या बलकात असते. पांढऱ्यात अजिबात नसते. कोंबडीच्या यकृतात ते तयार होते, चरबीबरोबर गाठोडे बांधून रक्तात सोडले जाते, आणि वाढत्या बलकाच्या अंगावरील एक विशिष्ट द्वार ते गाठोडे आत घेते. पांढऱ्या लेगहॉर्न जातीत एके काळी अशा काही कोंबड्या आढळल्या की, ज्यांचे हे द्वार आनुवंशिक दोषाने निकामी होते. त्यांस बलक भरता येत नसे, म्हणून त्या अंडी घालीत नसत. आणि अंड्यात जावयाचा माल रक्तात तुंबून त्यांच्या रक्तवाहिन्या चरबीने खराब होत. म्हणजे अंडे हे कोंबडीच्या हिशेबात मोठे खर्चाचे खाते आहे, व ते बंद पडले तर शिल्लक तिच्याच अंगावर उठते.

अंडे उबवावयास ठेविल्यावर आतील गर्भ ह्या साठ्यावर जगतो. बलकाभोवती एक पातळ, रक्तवाहिन्यांनी भरलेले वेष्टन वाढते. तेच गर्भाचे तोंड व तेच आतडे. गर्भास लागणाऱ्या शक्तीचा नऊ-दशांशाहून अधिक भाग बलकातील चरबी जाळूनच मिळतो. कोलेस्टेरॉल मात्र जाळता येत नाही. ते वेष्टनातून आत येताना एका स्निग्ध आम्लाशी जोडले जाते व उबवणीच्या शेवटच्या आठवड्यात बहुतांशी यकृतात जाऊन साठते. त्याच बलकातील मक्याचा पिवळा रंगही चरबीबरोबर यकृतात उतरतो. कोलेस्टेरॉल स्वतः बिनरंगी आहे. डॉक्टरबाईंच्या चिमट्याखाली आम्ही पाहिलेला हळदी रंग मक्याचा होता, पण त्या रंगाच्या पाठीमागचा साठा चरबीचा व कोलेस्टेरॉलचा होता. एकोणीस-वीस दिवस झाले की उरलेला बलक बेंबीच्या वाटेने पोटात ओढून घेतला जातो, आणि एकविसाव्या दिवशी पिलू कवच फोडते.

आमच्या भाषेत सांगावयाचे तर नवे पिलू म्हणजे आरंभीची शिल्लक भरपूर असलेले, पण चालू वर्षाची जमा अजून सुरू न झालेले खाते होय. यकृतात आईने दिलेले कोलेस्टेरॉल खच्चून भरलेले असते, आणि म्हणूनच यकृताचा स्वतःचा कारखाना त्या वेळी जवळजवळ बंद असतो. मेंदू आपले द्रव्य बहुतांशी स्वतः घडवीत असतो. पण यकृत थांबून असते. ते का थांबते व पुन्हा कसे चालू होते, हे कळण्यास कारखान्यात माल कसा घडतो ते थोडे पाहिले पाहिजे. वाचकांनी येथे कंटाळू नये. हा हिशेब कोणत्याही जमाबंदीपेक्षा सोपा आहे.

शिरक्याचा आंबटपणा ज्या आम्लामुळे येतो, त्या आम्लाचा दोन कर्बांचा तुकडा हा येथील कच्चा माल. कर्ब म्हणजे आपण मातीच्या तपासणीत सेंद्रिय कर्ब म्हणतो तोच. पिलाने खाल्लेली कणी असो की चरबी, शरीरात मोडत मोडत तिचे असे दोन-दोन कर्बांचे तुकडे होतात. असे तीन तुकडे जोडले म्हणजे सहा कर्बांची एक कांडी होते. तिच्यातून एक कर्ब वायुरूपाने निघून गेला की पाच कर्बांची कांडी उरते. ही पाचांची कांडी सृष्टीत फार कामाची आहे. रबराच्या झाडाचा चीक, चिराचे टर्पेन्टाइन, गाजराचा व मक्याचा रंग हे सर्व तिच्यापासूनच होतात. पिलाच्या यकृतात अशा सहा कांड्या एकापुढे एक जोडून तीस कर्बांची लांब साखळी होते. तिचे नाव स्क्वालीन. आपल्या किनाऱ्यावर जिला मुशी किंवा मोरी म्हणतात त्या माशाच्या जातीच्या यकृताच्या तेलात ही साखळी पुष्कळ सापडते. मग ती साखळी वळून चार कड्या होतात, आणखी तीन कर्ब झडतात, आणि सत्तावीस कर्बांचे कोलेस्टेरॉल तयार होते. जमा अठरा तुकड्यांचे छत्तीस कर्ब; वजा सहा, वजा तीन; शिल्लक सत्तावीस. ताळा जुळतो.

हा ताळा जुळवावयास शास्त्रज्ञांस मात्र वर्षानुवर्षे लागली. न्यूयॉर्क येथे कॉनराड ब्लॉख व डेव्हिड रिटेनबर्ग ह्यांनी १९४२ साली शिरक्याच्या आम्लास जड हायड्रोजनाची खूण करून ते जनावरांस चारले, तेव्हा ती खूण त्यांच्या कोलेस्टेरॉलमध्ये उतरलेली सापडली. पुढील पायऱ्या उलगडण्यात म्यूनिकचे फेओडोर ल्यूनेन ह्यांचा मोठा वाटा होता, आणि १९६४ सालचे नोबेल पारितोषिक ब्लॉख व ल्यूनेन ह्यांस मिळून देण्यात आले.

ह्या सर्व वाटेवर एक पायरी अशी आहे की, तेथे पाटाच्या तोंडाशी असते तसे दार बसविलेले आहे. सहा कर्बांची कांडी पुढच्या कामास योग्य करणारा एक पाचक पदार्थ तेथे असतो, त्यास एचएमजी-कोए रिडक्टेज म्हणतात. नाव अवघड आहे, म्हणून आम्ही त्यास पुढे 'दार' असेच म्हणू. शेत भरले की शेतकरी पाटाचे दार लावतो, तद्वत यकृतात कोलेस्टेरॉल पुष्कळ झाले की यकृत हे दार लावून घेते. जनावर उपाशी असले तरी ते लागलेलेच राहते, कारण घडवावयास कच्चा मालच नसतो. साठा उतरला व खाद्य आले की दार उघडते.

हेच कोंबडीच्या पिलात दिवसागणिक कसे घडते, हे स्पेनमधील ग्रॅनाडा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षे खपून पाहिले आहे. अंड्यातून निघाल्या दिवशी यकृतातील दाराची हालचाल अगदी अल्प असते. पिलू खाऊ लागते, बलक संपत जातो, यकृतातील आयता साठा अंगभर वाटला जातो, आणि पहिल्या आठवड्याच्या सुमारास दार चांगले उघडून यकृत स्वतःचे कोलेस्टेरॉल जोराने घडवू लागते. ह्याच काळात यकृताचा पिवळा रंग ओसरून ते तांबूस होत जाते. दुसऱ्या आठवड्यात ते आपल्या नेहमीच्या लालसर तपकिरी रंगावर येते. पिलास खाद्यातून मुद्दाम कोलेस्टेरॉल घातले तर यकृताचे दार पुन्हा मिटते, असेही त्यांस आढळले. आणि कोकणातील वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, खाद्यात खोबरेल तेल मोठ्या प्रमाणात मिसळले तेव्हा पिलांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसताना वाढले. ह्यावरून पेंड बंद करावी असे नव्हे. प्रयोगातील तेलाचे प्रमाण कोणताही शहाणा शेतकरी घालणार नाही इतके होते. पण 'ज्यात नाही त्यापासून होत नाही' हा समज त्यावरून खोटा ठरतो.

येथे आमच्या अडतीस पिलांकडे वळले पाहिजे. पोटातील बलक ही तीन दिवसांची शिदोरी आहे, हे त्या गृहस्थाचे म्हणणे अर्धे खरे होते. त्या शिदोरीमुळेच एका दिवसाची पिले पेटीत घालून दूरदूर पाठविता येतात. परंतु दाणा दिल्याने बलक सडतो, हे साफ खोटे. इस्राएलमधील शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे की, ज्या पिलांस लगेच दाणा मिळतो त्यांचाच बलक लवकर जिरतो. उपाशी ठेविलेल्यांचा मागे रेंगाळतो. आतडे हलू लागले म्हणजे बलकही त्या वाटेने आतड्यात उतरतो, हे त्याचे एक कारण होय. शिवाय उपाशी पिलाच्या यकृतात दार उघडावयाचे ते लांबणीवर पडते. आईची शिल्लक सरत आली, नवी जमा सुरू नाही, वर ओले तूस आणि गारठा. अशा पिलाच्या बेंबीतून जंतू शिरले की न जिरलेला बलक त्यांस आयतेच अन्न होतो. आमच्याकडे हेच झाले. वीज जाणे आमच्या हाती नव्हते, पण कोळशाची शेगडी पेटविणे होते, आणि मूठभर कणी टाकणेही होते.

कोलेस्टेरॉलच्या दाराची गोष्ट माणसाच्या औषधापर्यंत पोहोचली, ती कोंबडीच्या पायांनीच. ती हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जपानच्या उत्तर भागातील एका शेतकरी घरात १९३३ साली जन्मलेले अकिरा एंडो हे टोकियोच्या सांक्यो कंपनीत बुरशांवर काम करीत. हजारो बुरशा तपासल्यावर क्योतो शहरातील एका धान्याच्या दुकानातून घेतलेल्या तांदळावरील हिरवट निळ्या बुरशीत त्यांस हे दार रोखून धरणारे द्रव्य सापडले. पण उंदरांस ते चारून पाहिले, तो त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल तसूभर उतरेना. उंदराचे यकृत दार रोखले की लगेच जास्त दारे तयार करी. काम बंद पडावयाची वेळ आली. तेव्हा, म्हणजे १९७६ साली, एंडो ह्यांच्या मनात आले की, अंडी घालणारी कोंबडी रोज एवढे कोलेस्टेरॉल बाहेर टाकते, तर तिच्या अंगात ते घडतही तेवढ्याच जोराने असले पाहिजे. एका सहकाऱ्याकडे प्रयोगासाठी तशा कोंबड्या होत्या. त्यांच्या खाद्यात शेकडा ०.१ ह्या प्रमाणात ते द्रव्य महिनाभर मिसळले, तो रक्तातील कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आले, व अंडी देणे मात्र चालूच राहिले. आज हृदयविकाराच्या लोकांस ज्या स्टॅटिन जातीच्या गोळ्या देतात, त्यांचा उगम हा. एंडो २०२४ साली वारले.

आता त्या महागड्या खाद्याविषयी. गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या भागात एक विक्रेता फिरून गेला. त्याचे म्हणणे असे की, त्याच्या खाद्यात कोलेस्टेरॉलचा लवलेश नाही, म्हणून ते खाणाऱ्या कोंबडीचे अंडेही कोलेस्टेरॉलमुक्त होते. डोंबिवलीच्या बाजारात अशा अंड्यास दुप्पट भाव येईल. पोत्यामागे तीनशे रुपये जास्त. संघातील चार-पाच सभासद मागणी नोंदविण्याच्या बेतात होते, त्यांपैकी एकाने तर त्यासाठी उसने पैसे काढले होते. आम्ही त्यांस वर दिलेला हिशेबच कागदावर मांडून दाखविला. तुमच्या घरच्या मक्यातही कोलेस्टेरॉल नाही. मग आजपर्यंत तुमच्या अंड्यात ते का उतरले? खाद्यात नसले म्हणजे कोंबडी ते अधिकच घडविते, कारण दार उघडे राहते. आणि ती घडवीत आहे ते गिऱ्हाइकासाठी नव्हे, तर पिलासाठी. ज्या बलकात ते नाही, त्या बलकातून पिलू निपजणार नाही. औषधे घालून बलकातील प्रमाण पुष्कळ उतरविता येते असे प्रयोगांत दिसले आहे. पण ते शून्यावर कोणी आणलेले नाही, आणि औषध खाल्लेल्या कोंबडीची अंडी लोकांस विकणे हा शेतकऱ्याचा धंदा नव्हे. मागणी नोंदविली गेली नाही. त्या विक्रेत्याचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. तो गेला तरी त्याच्यासारखा दुसरा येईलच.

गावठी अंड्याविषयीही एक गोष्ट आम्हांस आमच्याच नफ्याविरुद्ध सांगितली पाहिजे. डोंबिवली स्टेशनाबाहेर आमच्या घरातील मंडळी अंडी घेऊन बसतात, तेव्हा गिऱ्हाईक विचारते, "गावठीत कोलेस्टेरॉल नसते ना?" असते. गावठी अंडे लहान असते, पण त्यात पांढऱ्याच्या मानाने पिवळ्याचा वाटा उलट जास्त असतो. कवच तपकिरी असो की पांढरे, त्याने ह्या बाबतीत काही फरक पडत नाही. चवीसाठी किंवा गावठी कोंबडी मोकळी हिंडते म्हणून कोणी चार पैसे जास्त देत असेल, तर ते घेण्यास हरकत नाही. परंतु नसलेला गुण सांगून घेऊ नयेत.

मग अंडे खावे की नाही? माणसाच्या यकृतातही तेच दार आहे, आणि आपल्या अंगातील बहुतेक कोलेस्टेरॉल आपण स्वतःच घडवितो. आहारातून थोडे जास्त आले तर पुष्कळांचे यकृत आपले उत्पादन कमी करते. म्हणूनच अमेरिकेच्या सरकारी आहारसूचनेतील दिवसास ३०० मिलिग्रॅमची जुनी मर्यादा २०१५ च्या आवृत्तीत काढून टाकली गेली. पुण्याची राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ पासून अंड्याचा प्रचार करीत आली आहे, तिचा त्यात व्यापारी हितसंबंध आहे हे ध्यानात ठेवूनही अंडे हे स्वस्त व उत्तम प्रथिनांचे अन्न आहे, ह्यात वाद नाही. ज्यांस मधुमेह आहे किंवा हृदयाचा विकार झाला आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांसच विचारावे. अशांस सल्ला देण्याचा आमचा अधिकार नाही. ज्या लोकांच्या घराण्यातच रक्तातील कोलेस्टेरॉल उचलण्याची व्यवस्था बिघडलेली असते, त्यांची गोष्ट निराळी आहे.

दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा शंभर पिले आणिली. ह्या वेळी जवळच्या ठिकाणाहून व फाल्गुनात. पिले यावयाच्या आधी एक दिवस दिवे लावून खोली तापविली. पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीशी उष्णता ३५ अंश सेल्सियस, म्हणजे जुन्या पुस्तकांतील ९५ अंश फॅरनहाइट, व पुढे दर आठवड्यास सुमारे तीन अंश सेल्सियस कमी. पिले दिव्याखाली दाटली तर थंडी वाजते आहे, व दिव्यापासून पळून कडेस बसली तर उकडते आहे, असे समजावे. तापमापकापेक्षा हा पुरावा अधिक भरवशाचा. पेटी उघडताच प्रत्येक पिलाची चोच एकदा पाण्यात बुडविली आणि लगोलग कागदावर बारीक खाद्य पसरले. रात्री झोपण्यापूर्वी दहा-बारा पिलांच्या गळ्याखालची अन्नपिशवी बोटांनी चाचपून पाहिली. ती मऊ व भरलेली लागली तर पिलू खाते आहे; रिकामी लागली तर त्यास दाण्यापाशी नेऊन सोडले. वीज जाईल म्हणून कोळसा व शेगडी बाहेर तयार ठेविली होती, पण धूर आत कोंडणार नाही अशी वाट ठेवूनच. तूस ओले झाले की तेवढे काढून कोरडे घातले.

तिसऱ्या आठवड्यापासून सकाळच्या कोवळ्या उन्हात पिलांस तास-दोन तास मोकळे सोडू लागलो. ह्यातही कोलेस्टेरॉलच्याच घडणीचा संबंध आहे. कोलेस्टेरॉल पुरे होण्याच्या एक पायरी अलीकडचे द्रव्य कोंबडीच्या कातडीत, आणि त्यातही पायांच्या पिसे नसलेल्या कातडीत, विशेष असते. त्यावर ऊन पडले की ड जीवनसत्त्व होते व हाडे वाकत नाहीत. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन ह्या कामी निरुपयोगी आहे. घरी तयार केलेल्या खाद्यावर जे पिले वाढवितात त्यांनी हे विसरू नये.

ह्या खेपेस वहीत वजा बाजूस पाच पिले लागली. त्यांतील चार पहिल्या तीन दिवसांत गेली. पाचवे बाराव्या दिवशी मुंगसाने धरले. ते आमच्या हातून सुटले, पण वाचले नाही. घरातील मंडळींची नापसंती पत्करून आम्ही ते बांधावर नेऊन स्वतः उघडले. ओटीपोटात बलकाची पिशवी शोधूनही सापडली नाही. जागेवर मुगाएवढी एक सुरकुतलेली गाठ होती. आणि यकृत कोकमासारखे गर्द लाल होते, पिवळा रंग त्यावर औषधालाही नव्हता.